डोक्यावरचे वाफे

न्हाव्याने माझं उरलंसुरलं ओलं केलं आणि कात्री अधांतरी धरून विचारलं, "काका, हे वाफे कोणी पाडले?" मग मागून आरसा धरला. टकलावर कपाळापासून शेंडीच्या जागेपर्यंत काळपट पट्टे आणि त्यांच्यामध्ये गोरे बांध. पाणी सोडलं असतं तर मेथी उगवली असती. सहा वर्षं दर रविवारी सायकल हाणत होतो आणि हेल्मेटच्या भोकांतून ऊन शिस्तीत, आपापल्या ओळीत उतरत होतं.

कमी भोकांच्या एअरो हेल्मेटच्या शोधाची सुरुवात ही अशी. सायकलवाल्या मित्रांना मात्र मी सांगितलं, वाऱ्याचा फार त्रास होतो.

तसा तो होतोही. कोथरूडहून पहाटे निघायचं, कात्रजचा जुना घाट चढून खेड शिवापूरला चहा प्यायचा आणि परत यायचं. जाताना वारा समोरून असतो, येताना तो दिशा बदलून पुन्हा समोर येतो. आमच्यातला एक निवृत्त इंजिनियर सांगतो की सपाट रस्त्यावर वेग वाढला की निम्म्याहून कितीतरी जास्त ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. बरं, हा हिशेब सरळही नाही. वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते. म्हणजे हवेचं व्याज सावकारापेक्षा वाईट.

मला वाटायचं, टोक पुढे असलं की हवा कापली जाते. पण खरी भानगड मागे असते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की लकडी पुलाच्या खांबांकडे बघावं. पाणी पुढून आदळतं ते ठीक, पण खांबामागे जो खळाळ आणि भोवरे होतात, तेच खांबाला मागे ओढत असतात. हवेचंही तसंच. म्हणून ही हेल्मेटं पुढून गोल गरगरीत आणि मागे निमुळती, मासोळीसारखी. भोकं कमी, कारण प्रत्येक भोकाच्या काठाशी हवा अडखळते. २०११ साली कोपनहेगनच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत मार्क कॅव्हेंडिशने हेल्मेटची भोकं प्लास्टिकच्या आवरणाने झाकून घेतली आणि जिंकला. त्यानंतर कंपन्यांनी ती भोकं मुळातच बुजवायला घेतली. म्हणजे आधी भोकांचे पैसे घेत, आता बुजवण्याचे घेतात.

पण या पंथाची खरी पोथी १९८९ च्या टूर द फ्रान्सची. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. लॉरां फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड लांब शेपटाचं हेल्मेट घालून, नव्या धर्तीच्या हँडलवर कोपरं टेकवून निघाला. फिन्यों बोडक्या डोक्याने, मागे केसांची शेपटी उडवत. तीन हजारांवर किलोमीटर झाल्यावर निकाल लागला तो आठ सेकंदांनी, लेमाँडच्या बाजूने. त्या शेपटीने किती सेकंद खाल्ले याचे हिशेब लोक अजून करतात. मराठीत फसवण्याला टोपी घालणं म्हणतात आणि शेंडी लावणंही म्हणतात. त्या दिवशी पॅरिसमध्ये दोन्ही समोरासमोर आल्या आणि टोपी जिंकली.

मला शेंडीचा प्रश्न नव्हता. माझं डोकं गेली दहा वर्षं आपोआपच एअरोडायनॅमिक आहे.

दुकानातल्या पोराने एक पत्रक पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, ताशी ४५ किलोमीटरला आठ वॅट वाचतात. मी मनात आठपटीचा नियम उलटा लावला. माझा वेग साडेबावीस, म्हणजे बरोबर निम्मा. वाचणार एक वॅट. आमच्या देवघरातला लाल दिवा अर्ध्या वॅटचा आहे. साडेबारा हजारांत दोन देवघरं उजळतील एवढी बचत.

"पण काका," पोरगा म्हणाला, "हळू चालवणाऱ्याचा वेळ जास्त वाचतो. तुम्ही रस्त्यावर जास्त वेळ असता ना!"

घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. पोराचं बरोबर होतं. इतका शुद्ध गणिती अपमान शाळेनंतर पहिल्यांदाच झाला.

मग डोकं मोजणं आलं. बायकोची शिवणाची टेप भुवयांच्या वर दोन बोटं धरून फिरवली, अठ्ठावन्न सेंटीमीटर भरलं. पण घेर सारखा असला म्हणून आकार सारखा असतो असं नाही. पहिलं हेल्मेट लांबट डोक्यासाठी घडवलेलं, माझं गोल. कानशिलं आवळली जायची आणि कपाळाशी एक बोट जाईल एवढी फट. दुसऱ्यात मागची चकती फिरवली की सगळं डोकं हळूच मुठीत धरल्यासारखं वाटे. पट्टे न लावता मान जोरात हलवली, हललं नाही. आत एक पातळ पिवळं अस्तर होतं, बोटाने ढकललं की जरासं सरकणारं. तिरकं आपटलात तर डोक्याला बसणारा पीळ ते कमी करतं म्हणे. बाकी सगळा थर्माकोल. गणपतीच्या मखरातून हद्दपार झालेला थर्माकोल असा माझ्या डोक्यावर मानाने बसला. तो एकदाच आपटायचा असतो. डोक्याऐवजी तो चेपला की काम झालं, नवीन घ्यायचं.

बायकोने बघितलं आणि म्हणाली, "इडलीपात्राचं झाकण." मी तिला २०२४ च्या टिरेनो-अ‍ॅड्रिॲटिको शर्यतीतला जोनास विंगेगार्डचा फोटो दाखवला. त्याच्या डोक्यावर भोपळ्याएवढं प्रकरण होतं, जगभर लोक हसले होते. ती म्हणाली, "तो जिंकला का?" म्हटलं, शर्यत जिंकला. "मग त्याला चालेल."

आमच्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत, त्यामुळे हेल्मेट हौसेने विकत घेणाऱ्याकडे शेजारी जरा संशयाने बघतात. पण पुणेकर एकटे नाहीत. १९९१ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत सक्ती करायला गेले तेव्हा नामवंत सायकलपटूंनीच संप केला होता आणि सक्ती मागे घ्यावी लागली. २००३ साली त्याच शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह पडला, डोक्याला मार लागून गेला. त्यानंतर सक्ती आली, ती टिकली. हे वाचल्यावर मी घरी विनोद जरा कमी केले.

पहिल्या रविवारी घाटात नऊच्या वेगाने चढताना हवा कशी कापायची हेच कळेना, कारण हवा नव्हतीच. आत भट्टी. जुन्या चाळणीतून निदान घाम वाट काढायचा, इथे तो भुवयांवरून थेट चष्म्यात. शिवाय दमलो की मी मान खाली घालतो आणि मग ते निमुळतं शेपूट आभाळाकडे उभं राहतं, म्हणजे होता तो फायदाही गेला.

परतीच्या उतारावर मात्र सायकल सुटली. अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. कानातलं घोंघावणं जुन्या हेल्मेटपेक्षा खरंच कमी होतं. पंचेचाळीसचा आकडा आला तसं पत्रक आठवलं आणि खाली बघितलं. पाय थांबलेले होते. आठ वॅट वाचत होते, खर्च शून्य होता. तेवढ्यात वळणावर पुढे पीएमपीची बस दिसली आणि दोन्ही ब्रेक दाबून मी तिच्या धुरामागे पंधराच्या वेगाने घाट उतरलो.