श्रोत्यास थक्क कसे करावे : पापडीतील होतकरू माहितगारांसाठी पद्धतशीर मार्गदर्शन

ऐकीव इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम ‘थक्कवाक्य’ ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. ‘तुम्हाला माहीत आहे का’ या शब्दांनी सुरू होणारे, एका श्वासात उच्चारता येणारे आणि ऐकणाऱ्यास ‘काय सांगता!’ याखेरीज दुसरे उत्तर सुचू न देणारे ऐतिहासिक विधान म्हणजे थक्कवाक्य होय. अशा वाक्यांच्या बळावर समाजात विद्वत्तेचा लौकिक मिळवणाऱ्या व्यक्तीस येथे ‘माहितगार’ म्हटले आहे. इतिहासकार आणि माहितगार यांत भेद इतकाच, की इतिहासकारास कागद सापडेपर्यंत गप्प बसावे लागते आणि माहितगारास ती अडचण नसते.

१. क्षेत्राची निवड

या विद्येस पापडीइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. वसई रोड स्थानकाकडून वसई गावाकडे आणि पुढे किल्ल्याकडे जाताना पापडी लागते. त्यामुळे पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिन्ही सत्तांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क येथील रहिवाशास केवळ पत्त्यावरून प्राप्त होतो. शिवाय वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे आसन असलेले मुख्य चर्च, पापडीतच असल्याने ‘आमच्या चर्चच्या इतिहासात’ अशी सुरुवात करून कोणत्याही शतकात शिरता येते. मात्र हा धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला, ही खरी माहिती माहितगाराने शक्यतो सांगू नये, कारण १९९८ साल बऱ्याच श्रोत्यांना स्वतःला आठवते आणि श्रोत्यास आठवणारे साल थक्कवाक्यास मारक ठरते.

प्रयोगाचे स्थळही विचारपूर्वक निवडावे. लग्नाची पंगत सर्वोत्तम, कारण भरल्या ताटावरून उठणे अशिष्ट मानले जाते. त्याखालोखाल चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमधील चौथ्या सीटवरचा प्रवासी, कारण मोठ्या प्रयासाने मिळवलेली ती चार बोटांची जागा तो कोणत्याही विधानाला कंटाळून सोडणार नाही.

२. ‘पहिला’ या शब्दाचा विनियोग

नवशिक्याने ‘पहिला’ या शब्दापासून आरंभ करावा आणि त्यासाठी गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र घ्यावे. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेल्या या मुलाचे वडील पोर्तुगीज होते आणि आई वसईची होती. तो मोठा होऊन व्यापारानिमित्त जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासीसंघात ब्रदर झाला, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे मिशनऱ्यांचा दुभाष्या म्हणून उभा राहिला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर २५ जणांसह क्रूसावर मारला गेला. १६२७ मध्ये त्याला ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरील व्यक्ती, आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय असल्याने नाव सर्वांच्या परिचयाचे आहे आणि नागासाकी फारशी कोणाच्या नाही. माहितगारास याहून आदर्श परिस्थिती हवी तरी कोणती?

अचूक विधान ‘भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत’ असे होते. त्यातील ‘जन्मलेले’ हा शब्द वडिलांच्या वंशाचा विचार करून आलेला आहे आणि ‘कॅथलिक’ हा शब्द संतपदाची कोणती पद्धत अभिप्रेत आहे ते सांगतो. माहितगाराने हे दोन्ही शब्द गाळून ‘भारतातले पहिले संत आपल्या वसईचे’ एवढेच सांगावे. ज्ञानेश्वर गोन्सालोंच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी होऊन गेलेल्या महाराष्ट्रात हे वाक्य उच्चारताच जो वाद पेटतो, त्यात मूळ विषय कोणाच्याही लक्षात राहत नाही आणि बोलणाऱ्याचे नाव मात्र सर्वांच्या लक्षात राहते. श्रोत्यांत केरळचा कोणी असल्यास २००८ मध्ये संतपदास पोहोचलेल्या सिस्टर अल्फोन्सा यांच्यावरून दुसरा वाद आपोआप सुरू होतो आणि त्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत.

३. तहांचे एकत्रीकरण

वसईच्या नावाने प्रसिद्ध असलेले तह दोन आहेत. पहिला २३ डिसेंबर १५३४ चा. त्यानुसार गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यानुसार दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज, म्हणजे स्वतःच्या खर्चाने पोसावयाचे परके सैन्य, स्वीकारली. दोन्ही तहांमध्ये २६८ वर्षे असली तरी महिना डिसेंबरच असल्याने निष्णात माहितगार त्यांचा एकच तह करतो आणि त्यात बहादूरशहा, बाजीराव आणि इंग्रज यांना एका सतरंजीवर बसवतो.

या एकत्रीकरणात जे हरवते ते खरे तर अधिक चकित करणारे आहे. १५३४ च्या तहाने वसईबरोबर मुंबईची सात बेटेही पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबई ही वसईच्या अमलाखालील एक दुय्यम जागा होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य त्या काळात मुंबई बेटाचा खंडकरी, म्हणजे ठरावीक रक्कम भरून जमीन कसण्यास घेणारा, होता. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुढे १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला आणि १६६८ मध्ये राजाने ती कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून वसईमार्गे मुंबईकडे रेल्वेसेवा सुरू झाली तेव्हा दिवसातून एकच गाडी जात होती आणि एकच परतत होती. एकेकाळी ज्या बेटांचा कारभार वसईतून चाले, तेथे वेळेवर पोहोचण्यासाठी वसईकरांनी पहाटे उठण्याची परंपरा तेव्हापासून पडली. परंतु या कथेत सात साले लक्षात ठेवावी लागत असल्याने माहितगारवर्गात ती लोकप्रिय नाही.

४. तारखेचा वाद आणि त्याचा लाभ

मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून वसई केव्हा घेतली, या प्रश्नावर शांत माणसांतही तंटा लावता येतो. काही पुस्तकांत मराठे किल्ल्यात शिरले ती तारीख १२ मे १७३९ दिलेली असते, काहींत २३ मे. शरणागतीच्या कराराचीही ५ मे आणि १६ मे अशा दोन तारखा आढळतात. माहितगाराने यांपैकी एक धरून दुसरी सांगणाऱ्यास अडाणी ठरवावे, हा रूढ नियम आहे.

वस्तुस्थिती अशी, की चारही तारखा बरोबर आहेत. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दुरुस्त दिनदर्शिका लागू केली आणि पोर्तुगालने ती त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंड मात्र जुनी ज्यूलियन दिनदर्शिका १७५२ पर्यंत चालवत राहिले. अठराव्या शतकात दोन्हींमधील अंतर ११ दिवसांचे झाले होते, त्यामुळे वसईतील पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६ मे रोजी शरणागती लिहून दिली त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात ५ मे होती, आणि २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला तेव्हा तेथे १२ मे. ज्यांनी तो जिंकला ते शक १६६१ मधील तिथीने दिवस मोजत होते आणि त्यांना या दोन्ही मोजण्यांशी कर्तव्य नव्हते. याच कारणाने रशियाची ऑक्टोबर क्रांती नव्या गणनेनुसार नोव्हेंबरात येते.

इंग्लंडने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मोजला, तेव्हा ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून लोकांनी दंगली केल्या, अशी एक सुंदर हकीकत जगभर सांगितली जाते. होगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरील एका उपहासचित्रातून ती पसरली असून अशा दंगलींना समकालीन पुरावा मिळत नाही. यावरून होतकरूंनी बोध घ्यावा, की चांगल्या थक्कवाक्यास घटना घडण्याची गरज नसते. एक चित्र पुरते.

५. घंटांची संख्या

वसईच्या विजयानंतर येथील चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी देवळांत नेऊन वाहिल्या, हे विधान खरे असल्याने ते जपून वापरावे लागते. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्याजवळील घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा आणि भीमाशंकरची घंटाही पोर्तुगीज घडणीच्या आहेत. मात्र नेमक्या किती घंटा गेल्या, हे सांगणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून असते. सर्वसाधारण नियम असा, की प्रत्येक माहितगाराने आधीच्याने सांगितलेल्या आकड्यात थोडी भर घालावी आणि घंटेवरील अक्षरे वाचता येतील इतक्या जवळ कधीही जाऊ नये, कारण धातूत ओतलेले साल वादात नमते घेत नाही.

चित्रपटप्रेमी श्रोत्यांसाठी जोडवाक्यही उपलब्ध आहे. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटातील गावाचे चित्रण याच मेणवलीत झाले आहे. एका वाक्यात चिमाजी अप्पा आणि शाहरुख खान यांना आणता येणे, ही या शास्त्रातील पदवी परीक्षा समजली जाते.

६. प्रसिद्ध चेहऱ्यांचा आधार

श्रोता तरुण असल्यास इतिहास बाजूस ठेवून ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याकडे वळावे, ज्याच्या २०१६ च्या चित्रफितीतील काही भाग वसईच्या किल्ल्यात चित्रित झाला. श्रोता मध्यमवयीन असल्यास ‘प्यार तूने क्या किया’ मधील ‘कंबख्त इश्क’ हे गाणे पुरते. एवढ्याने किल्ल्याची महती सिद्ध झाली असे मानून पुढे बोलू नये. गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेल्या चर्चच्या, दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेला होता, ही माहिती वास्तविक अधिक वजनदार आहे. परंतु दगडाने कोणत्याही गाण्यात काम केलेले नसल्याने तिला मागणी कमी आहे.

७. वर्ज्य सत्ये

काही गोष्टी खऱ्या आणि चकित करणाऱ्या असूनही माहितगाराने टाळाव्यात. उदाहरणार्थ, १७३९ च्या वेढ्यात अडचणीत आलेल्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हा एका ख्रिस्ती सत्तेने दुसरीला अखेर १५,००० रुपये दिले ते चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. या कथेत शौर्य नाही, खलनायक नाही आणि मध्यभागी एक तारणखत आहे. ती सांगून पंगतीत दाद मिळाल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून धोकादायक सत्य नालासोपाऱ्याकडे आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर रचलेला बौद्ध घुमट, उकरला, तेव्हा त्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले; त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये वसई तालुक्यातीलच भुईगावात मिळाला. या नवव्या लेखाचा आशय असा, की लग्न, अपत्यजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे उपचार करतात, पण त्यांचे फळ अल्प असते, आणि माणसांशी नीट वागणे हाच खरा मंगलाचार होय. लग्नाच्या पंगतीत पोकळ उपचार म्हणून थक्कवाक्ये वाढणाऱ्याने हा मजकूर श्रोत्यांच्या हाती लागू देऊ नये.

८. शंकेखोर श्रोता

प्रत्येक पंगतीत एखादा तरी ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारणारा निघतो. त्यास ‘गॅझेटियरमध्ये’ असे एका शब्दात उत्तर द्यावे. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची भूमी, लोक आणि इतिहास यांची सरकारने छापलेली माहिती; ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ मध्ये निघाले, तेव्हा वसई त्याच जिल्ह्यात होती. ग्रंथाचे नाव ऐकून निम्मे शंकेखोर माघार घेतात. उरलेल्यांपैकी एखादा खरोखरच ते खंड उघडून पाहील आणि वसई व सोपारा यांवरील पाने वाचून काढील, हा धोका पत्करावा लागतो. अशी व्यक्ती या व्यवसायास कायमची निरुपयोगी होते, कारण तिला पुढे प्रत्येक विधानास ‘परंतु’ जोडण्याची सवय लागते.

निष्कर्ष

वरील आठ नियम पाळणारा पापडीकर अल्पावधीत प्रसिद्ध होईल, यात शंका नाही. नियम उलटे पाळून प्रत्येक थक्कवाक्यामागून येणारे दुसरे, रटाळ, सालांनी भरलेले वाक्यही सांगणारा माणूस मात्र पंगतीत एकटा पडण्याचा संभव आहे. प्रस्तुत मार्गदर्शनाचा निर्वाळा असा, की वसईच्या इतिहासातील प्रत्येक आश्चर्य त्या दुसऱ्या वाक्यातच आहे. वाचकाने पंगतीत असा एकटा पडलेला माणूस दिसल्यास त्याच्याच शेजारचे पान धरावे.