मुखदर्शनाची रांग

दिवाळी जवळ आली की दादरला शिवाजी मंदिराच्या आसपास 'पहाट'चे फलक उगवतात. मजकूर सगळ्यांचा एकाच छापखान्यात जुळवलेला असावा. नाट्यगीते, भावगीते, भक्तिगीते, चित्रपटगीते, लावण्या. 'अविस्मरणीय' आणि 'सुरेल' ही विशेषणं. आणि तळाशी अल्पोपाहाराचे प्रायोजक. साडेसहाला तंबोरे, साडेनऊला चिवडा. मधल्या तीन तासांत मराठी संगीताची सव्वाशे वर्षं उरकून माणसं उटण्याच्या वासासकट घरी परत.

काही कट्टर रसिक या प्रकाराला नाकं मुरडतात. 'अख्खी कृती ऐकावी, तुकडे कसले ऐकता?' असं ते गिरगावात साहित्य संघाच्या दारात उभं राहून बजावतात. आत हाउसफुल्ल असतं आणि त्यांना तिकीट मिळालेलं नसतं, हा योगायोग समजावा.

पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गीतरामायणाचं बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची आणि आठवड्याला एक गाणं. वर्षाच्या बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी व्हायची. मध्ये अधिक मास आला आणि ती छप्पन्न झाली. पंचांगाने अशी वाढवून दिलेली दुसरी कलाकृती माझ्या तरी माहितीत नाही.

आता हेच रामायण 'निवडक' होऊन दादरच्या रंगमंचावर येतं तेव्हा काय होतं? गाणी बारा, मध्यंतर एक. रामजन्म होतो, कारण त्याला हमखास टाळ्या आहेत. पाळणा हलतो न हलतो तोच स्वयंवर. मग चित्रकूटावर 'पराधीन आहे जगती', ज्यात राम भरताची समजूत घालतो. निम्मं सभागृह डोळे पुसतं, कारण हे गाणं आपण भरतापेक्षा शोकसभेतच जास्त ऐकलेलं. इथे मध्यंतर. बटाटावडा. पडदा उघडतो तर वानर सेतू बांधताहेत! कशासाठी बांधताहेत, ते विचारायचं नाही. शूर्पणखेचं गाणं बसवायला वेळ झालेला नाही, त्यामुळे सीतेला कुणी पळवलेलंच नाही. कुंभकर्णाला कुणी उठवत नाही. तो बिचारा छप्पन्नांतल्या आपल्या गाण्यासकट घोरत राहतो. सेतू बांधून झाला की थेट राज्याभिषेक आणि भैरवी. एकूण पाहता प्रभू रामचंद्र वडा खाण्यापुरते वनात गेले होते आणि येताना एक पूल बांधून आले. महानगरपालिकेला हे जमेल का?

नाट्यसंगीताची तऱ्हा याहून न्यारी. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ सालचं. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन घराणी आपापल्या ढंगात गातात, आणि त्या दोन गायकींच्या मधल्या फटीतच सगळं नाटक बसलेलं आहे. 'निवडक' नाट्यगीतांच्या रजनीत त्यातली एकच चाल येते. निवेदिका 'आता एक लोकप्रिय पद' म्हणते आणि कट्यार भाजी चिरायच्या सुरीसारखी ओट्यावर पडून राहते. श्रोत्यांना पद पाठ, पण ते कोण म्हणतं आणि कुणावर जळून म्हणतं याचा पत्ता नाही. 'मानापमाना'तली पदं ज्यांना येता-जाता गुणगुणता येतात त्यांना विचारा, भामिनीने धैर्यधराला नाकारलं का? 'गाणं चांगलं आहे हो,' असं उत्तर येईल.

या वादाचा निवाडा लालबागला केव्हाच झालेला आहे. गणपतीत तिथल्या राजाकडे रांगा दोन: एक नवसाची, दुसरी मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेत रात्र जाते, दिवस जातो, पाय सुजतात, चप्पल हरवते, शेजारच्या अनोळखी माणसाच्या मुलाची दहावीची टक्केवारी पाठ होते आणि शेवटी पायांवर डोकं टेकायला मिळतं. मुखदर्शनाला लांबून हात जोडायचे आणि पुढे चालू लागायचं. अख्खी ध्वनिमुद्रिका म्हणजे नवसाची रांग आणि 'निवडक' म्हणजे मुखदर्शन. घरी आल्यावर दोघेही 'राजाचं दर्शन झालं' असंच सांगतात. फक्त नवसाच्या रांगेतला जरा जास्त वेळ सांगतो.

मुखदर्शनवाल्यांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण कॅसेटच्या काळात मी त्यांच्यातच होतो. तेव्हा गल्लोगल्ली कॅसेट भरून देणारी दुकानं होती. फुलस्केपवर गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि आठवड्याने या म्हटलं की पंधरवड्याने जायचं. यादी करताना घरात जी भांडणं होत त्यांच्यापुढे जागेचे दावे फिके. आजीला अभंग, वडिलांना नाट्यगीत, बहिणीला सिनेमा. दुसऱ्या बाजूला शेवटची दोन मिनिटं उरली की दुकानदार तिथे आपल्या आवडीचं काहीतरी ठोकून देई, तेही अर्धवट. घरात पुढे वर्षानुवर्षं तेच अर्धं गाणं सगळ्यांना पाठ, आणि जिथे टेप संपे तिथेच सगळे गप्प होत. आता ती भानगडच नाही. २०१७ साली 'कारवां' नावाचा गाणारा डबा आला, पाच हजार गाणी पोटात घेऊन. परदेशातल्या मुलांनी तो आईवडिलांना पाठवला आणि फोन करण्याची वारंवारता त्या प्रमाणात कमी केली.

आणि कट्टरांनी फार ताठू नये. गणपतीत आरत्या संपल्यावर परळपासून गिरगावपर्यंत सगळी वस्ती गोल फिरत, टाळ बडवत जे 'घालीन लोटांगण' म्हणते, ते काय आहे? पहिलं कडवं नामदेवांचं मानतात. पुढचं पांडवगीतेतलं, त्यापुढचं भागवताच्या अकराव्या स्कंधातलं, मग शंकराचार्यांच्या नावावरच्या अच्युताष्टकातलं आणि शेवटी कलिसंतरण उपनिषद. भाषा दोन, शतकं वेगळी, कर्ते वेगळे. इतकं यशस्वी संकलन कुठल्याही रेकॉर्ड कंपनीला जमलेलं नाही, आणि ज्याने केलं त्याने त्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. आजचा निर्माता असता तर मुखपृष्ठावर फोटो त्याचाच मोठा असता.

पसायदानाचं तर विचारूच नका. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, अध्याय अठरा, आणि आपल्याला येतात त्या शेवटाकडच्या नऊ. शाळेत, सभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यानंतरही. वास्तविक पसायदान हे मागणं आहे, एवढा मोठा ग्रंथ पुरा केल्याबद्दल मागितलेलं. आम्ही काम न करता फक्त मागण्याची तेवढी प्रथा ठेवली.

खरी गोम अशी की 'निवडक' कार्यक्रमात आपण गाणं ऐकायला जात नाही. पेटीवर पहिले दोन सूर वाजतात, आपण ते ओळखतो आणि टाळी पडते. गायिकेने अजून तोंड उघडलेलं नसतं. ती टाळी आपण आपल्याच स्मरणशक्तीला दिलेली असते. छप्पन्नांतलं अठ्ठाविसावं गाणं लागलं तर हे सुख कुठून मिळणार? तिथे ऐकावं लागेल. दिवाळीच्या दिवशी पहाटे उठून, आंघोळ करून, वर पुन्हा ऐकायचंही, म्हणजे फारच झालं.

तरीही एका मंडळाच्या सांस्कृतिक समितीकडे मी अर्ज घेऊन गेलो होतो: यंदा गीतरामायण सगळं करू. छप्पन्न गाणी, सहासात तास, हवं तर दोन दिवस. कार्याध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, सगळंच म्हणजे... सगळं?"

"सगळं. कुंभकर्णासकट."

त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी हिशेब केला. सहा तास म्हणजे मध्यंतरं तीन, मध्यंतरं तीन म्हणजे वडे तीन पट, वड्यांचा प्रायोजक यंदा फक्त एका मध्यंतरापुरता तयार आहे.

"तुमचा मान ठेवायचा म्हणून रावण मारू," शेवटी कार्याध्यक्ष म्हणाले. "पण सव्वानऊच्या आत मारा. साडेनऊला हॉल रिकामा करून द्यायचा असतो, मागोमाग लावणीवाले येतात."

"आणि सीता?"

"तिचं निवेदनात घेऊ."