वाळवी : एक शास्त्रीय निवेदन

ब्रिस्बेन

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला सा. न.

वाळवीला इकडे ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. पण ती मुंगी नव्हे, झुरळाची भाऊबंद आहे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारखे. मृगाच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती भिरभिरणारी पाखरे बरेचदा हीच. दक्षिण गोलार्धात जूनला थंडी पडत असल्याने येथे ती साधारण ऑक्टोबरनंतरच्या उकाड्याच्या, वादळी संध्याकाळी उडतात. सकाळी खिडकीत नुसते पंख पडलेले दिसले, तर ते केरात टाकण्याआधी नमुना डबीत ठेवावा. प्रस्तुत घरात तो व्हॅक्यूम क्लीनरने ओढला गेला. कर्त्या गृहस्थांना (आपले चिरंजीव) तेव्हा शास्त्र ठाऊक नव्हते.

कामकरी वाळवी आंधळी असते आणि तिची कातडी इतकी पातळ, की कोरड्या हवेत ती वाळून मरते. म्हणून ती मातीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या बांधून त्यातून ये-जा करते आणि लाकूड आतून खाताना वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. येथील घरांना सर्वाधिक छळणारी कॉप्टोटर्मिस जातीची वाळवी बहुधा युकॅलिप्टसच्या खोडात घर करते आणि पन्नास मीटरपर्यंत चरायला जाते. म्हणजे राणी शेजाऱ्याकडे आणि पंगत आपल्याकडे.

शोध घेताना पेचकसाच्या मुठीने चौकटी आणि भिंतीलगतच्या लाकडी पट्ट्या ठोकत जावे. भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले खुळखुळ्या डब्यासारखे. रंगाला आलेले फुगे, अचानक घट्ट झालेले दार, जोत्यावर चढलेली मातीची रेघ हीही लक्षणे. पेस्ट कंट्रोलवाले ओल मोजायचे यंत्र आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा आणतात. भिंतीआड वस्ती असेल तर तेवढी जागा बरेचदा उबदार दिसते.

येथे एक उदाहरण देणे आवश्यक आहे. गॅरेजच्या काँक्रीट जमिनीवर, भिंतीला टेकून, पुठ्ठ्याचे एक खोके सहा वर्षे ठेवलेले होते. काँक्रीटला दोन मिलिमीटरची भेग गेली तरी वाळवीला तो राजमार्ग. खोके बाहेरून नव्यासारखे होते. उचलताच त्याचा तळ जमिनीवरच राहिला. आतल्या अंकांची मुखपृष्ठे जागच्या जागी होती, त्यांखाली ओल्या मातीचे थर आणि थरांत कथा-कवितांचे कपटे. जाहिरातींची गुळगुळीत पाने मात्र वाळवीने शेवटासाठी राखली होती. तिच्या वाङ्मयीन अभिरुचीबद्दल एवढेच म्हणता येईल.

अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे झुरळांचा फवारा मारणे. समोरच्या मरतात, बाकीच्या वाट बुजवून दुसरीकडून शिरतात आणि राणीला धक्काही लागत नाही. उघडलेली जागा हलकेच झाकून जाणकाराला बोलवावे. हे वाक्य फवाऱ्याचा संपूर्ण डबा रिकामा झाल्यानंतर लिहिले आहे.

वाळवीला कायमचे अडवता येत नाही. तिला उजेडात यायला भाग पाडता येते. क्वीन्सलँडची जुनी लाकडी घरे खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबावर पत्र्याची टोपी असते. टोपीने वाळवी थांबत नाही, पण तिला कडेवरून वळसा घालून नळी बांधावी लागते आणि ती दिसते. कोकणातले उंच जोतेही हेच करते, फक्त पायथ्याशी शेणी-लाकडे रचून ते झाकू नये. नव्या घरांत काँक्रीटची कड पंच्याहत्तर मिलिमीटर उघडी ठेवतात. कोठे पोलादी बारीक जाळी, कोठे ग्रॅनाइटचा चुरा घालतात. चुऱ्याचे कण वाळवीला उचलवत नाहीत आणि मधल्या फटीतून जाताही येत नाही. एसीचे ठिबकणारे पाणी, भिंतीलगत पसरलेला लाकडाचा भुसा आणि जमिनीवरची खोकी टाळावीत. वर्षातून एकदा तपासणी करावी. पूर्वीची क्लोरडेनसारखी औषधे दशकानुदशके टिकत, पण ती माणसालाही सोसत नव्हती; ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत १९९५मध्ये बंद झाली.

उपचार दोन. एकात घराभोवती चर खणून, काँक्रीटला भोके पाडून मातीत फिप्रोनिलसारखे औषध सोडतात. वाळवीला त्याचा वास लागत नाही. ती त्यातून जाते आणि अंगाला लागलेले इतरांपर्यंत पोचवते. दुसरा आमिषाचा. लाकडाच्या लगद्यात घातलेल्या औषधामुळे वाळवीला कात टाकता येत नाही. एकमेकींच्या तोंडी घास भरवण्याची तिची रीत असल्याने ते वसाहतभर पसरते. याला काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो. प्रस्तुत घरी आमिष लावले आहे आणि रोज डोकावून पाहायला मनाई झाली आहे. खर्च विमा देत नाही. बहुतेक गृहविम्यांत वाळवी वगळलेली असते.

खोक्यात बाबांनी विश्वासाने दिलेले दिवाळी अंक होते, एकूण एकतीस. बारा पूर्ण वाचले, सात अर्धे. उरलेल्या बारांची यादी सोबत जोडली आहे.

कळावे.

आपले चिरंजीव