दोन मानात ड्रॅगन

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळासाठी हौशींनी रचलेल्या कार्डांचं परीक्षण करायला बसलं, की पहिला ड्रॅगन लगेच उडत येतो. किंमत दोन माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी जादूई ऊर्जा. आल्या आल्या हल्ला करतो, मरता मरत नाही, वर दरवेळी तीन पत्ते ओढून देतो. तोटा? आहे ना! तुमचा एक जीवांक जातो. विसातला एक. मजकूर असा की भिंग लागावं, तरी खाली तिरक्या अक्षरांत ड्रॅगनच्या खडतर बालपणाला जागा सापडतेच. चित्र मात्र झकास. ते दुसऱ्याचं असतं.

खेळातला अधिकृत ‘लायटनिंग बोल्ट’ १९९३पासून एका लाल मानात तीन घाव घालतो, तोही एका वाक्यात. हे सुचवलं की उत्तर तयार: “माझं कार्ड जास्त इंटरेस्टिंग आहे.” असेल बुवा. समोरच्याला खेळायलाच मिळत नाही, एवढं सोडलं तर.

फार ताणलं की मग खेळाचे जनक रिचर्ड गारफील्ड यांचा दाखला निघतो. त्यांच्या ‘ब्लॅक लोटस’ कार्डानं फुकटात तीन माना दिल्या, ते चालतं? चालतं की. व्हिंटेज प्रकारात, डेकमध्ये एकच. एवढा भाग नेमका कुणी पाठ केलेला नसतो.