वाळूचा सातबारा

बीच व्हॉलीबॉलची रेघ काळ्या दगडावर ओढलेली नसते. ती वाळूवर अंथरलेली पाच सेंटिमीटर रुंदीची फीत असते. तिचे कोपरे दोरीने वाळूत पुरलेल्या खुंट्यांना बांधलेले असतात. खेळाडू तिच्यावरून धावतात, सूर मारतात, कधी तिच्यातच पाय अडकवून घेतात. वारा तिच्यावर वाळू टाकतो, आणि मग दोन रॅलींच्या मध्ये कुणीतरी वाकून ती बिचारी झटकतं, सरळ करतं. या फितीच्या भरवशावर ऑलिंपिकचं सुवर्णपदक ठरतं.

ज्यांच्या घरात बांधावरून लागलेला दावा तिसऱ्या पिढीत पोचला आहे, त्यांना हा खेळ शिकवावा लागत नाही. सोळा बाय आठ मीटरचा तुकडा आहे, मधोमध जाळं आहे, दोन्ही अंगांना दोन-दोन भाऊबंद आहेत आणि बांध सरकलेला आहे. बाकी सगळा तपशील. पूर्वी हा तुकडा अठरा बाय नऊचा होता. या शतकाच्या सुरुवातीला जागतिक महासंघाने तो आक्रसला, तरीही आज माणशी ३२ चौरस मीटर येतात. मुंबईकरांनी हा आकडा दोनदा वाचू नये.

नियमावली लिहिणाऱ्यांना वाळूचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून त्यांनी मोठा चतुर नियम करून ठेवला आहे. चेंडू रेघेला केसभर जरी लागला तरी तो आत. पण चेंडू बाहेर पडला, त्याने वाळू ढकलली आणि त्या वाळूने रेघ ढकलली, तर चेंडू बाहेरच. म्हणजे रेघ हलली हा पुरावा नव्हे. ती कुणी हलवली, हे आधी सिद्ध करा! सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाखालची वाळू सरकून मागची रेघ हलली, तर त्यालाही दोष नाही. एकूण पाहता, त्या संपूर्ण नियमावलीत वाळूइतकं निर्दोष कुणीच नाही. खेळाडू चुकतो, पंच चुकतो, रेषापंचाची झेंडी चुकते. वाळूवर मात्र आजवर गुन्हा नोंदलेला नाही.

मग होतो पंचनामा. वाद पेटला की मुख्य पंच आपल्या उंच आसनावरून शिडीने उतरतात आणि सावकाश चालत घटनास्थळी जातात. सावकाश चालणं महत्त्वाचं, धावत गेलेल्या पंचावर कुणाचा विश्वास बसत नाही. दोन्ही जोड्यांनी आपापल्या हद्दीत थांबायचं, पलीकडे जाऊन बोट दाखवायचं नाही आणि खुणेला पाय लावायचा नाही. खूण पुसली तर शिक्षा. पुरावा नष्ट करणं हा वाळूतही गुन्हाच, फक्त इथे तो करायला एक टाच पुरते, आणि टाच कुणाची होती हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं.

आता त्या खुणेची गोष्ट. चेंडूचा घेर ६६ ते ६८ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम, आणि सभागृहातल्या व्हॉलीबॉलपेक्षा त्यात हवा कमी. तो पडतो तेव्हा थोडा चपटा होतो, घसरतो, वाळू चहूकडे उडवतो. त्यामुळे खड्डा जेवढा दिसतो तेवढी चेंडूची टेक नसतेच. खड्ड्याचा काठ रेघेला भिडलेला असतो, आणि चेंडू मात्र तिच्या बाहेरच टेकून गेलेला असू शकतो. भर म्हणून, ज्याने तो चेंडू वाचवायला उडी मारली त्याची कोपरं, गुडघे, छाती आणि हनुवटी यांनीही जवळपास आपापल्या सह्या केलेल्या असतात. पंच त्या सगळ्या खड्ड्यांवरून नजर फिरवतात. एका बाजूचा खेळाडू एका खड्ड्याकडे बोट करतो, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या. दोन्ही खड्डे खरे असतात. पंच वाकतात, मान तिरकी करतात, एक खड्डा पसंत करतात आणि हात वर करतात. त्या क्षणी चार खेळाडूंपैकी दोघांना या जगात न्याय उरलेला नाही असं मनापासून वाटतं. हे प्रमाण बरोब्बर पन्नास टक्के असतं, कधीही चुकत नाही.

ही व्यवस्था आम्हाला अतिशय आवडत होती. हरलेल्या जोडीला घरी न्यायला काहीतरी मिळायचं. पदक नाही तर नाही, पण ‘ती लाइन’ मिळायची. म्हातारपणी नातवंडांना सांगायला एक चेंडू मिळायचा, जो दर वर्षी आणखी दोन सेंटिमीटर आत पडायचा.

हे सुख आता कॅमेऱ्याने हिरावून नेलं आहे. मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ चॅलेंज आलं. प्रत्येक जोडीला सेटमध्ये दोन चॅलेंज चुकवायची मुभा. चॅलेंज बरोबर निघालं तर शिल्लक तेवढीच राहते, चुकलं तर एक कमी. वाद घालण्याचा हक्क हा आता मोजून मिळतो, रेशनच्या साखरेसारखा. शिवाय निकाल भल्या मोठ्या पडद्यावर, संथ गतीत, हजारो लोकांच्या साक्षीने. चेंडू येतो, चपटा होतो आणि रेघेच्या दोन बोटं पलीकडे टेकतो. प्रेक्षक ‘ओऽऽ’ करतात. ज्याने दोन्ही हात पसरून आकाशाकडे दाद मागितली होती, तो हात खाली घेतो आणि गॉगलची काच पुसू लागतो. वाद हरला त्याचं दुःख वेगळं आणि वादच उरला नाही त्याचं वेगळं. दुसरं जास्त बोचतं.

रेघेचा निकाल लागला की भांडण ब्लॉकवर सरकतं. चेंडू बाहेर पडला खरा, पण जाताना ब्लॉक करणाऱ्याच्या बोटाला लागला होता का? बोटाच्या मालकाला ते नक्की ठाऊक असतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तो समुद्राकडे बघत असतो. समुद्र नसला तर स्कोअरबोर्डकडे. सभागृहातल्या व्हॉलीबॉलमध्ये २०२३च्या नेशन्स लीगपासून यावर उपाय म्हणून हिरवं कार्ड काढलं गेलं. स्वतःहून ‘लागला’ असं कबूल करणाऱ्याला पंच हिरवं कार्ड दाखवतात, आणि जास्तीत जास्त हिरवी कार्डं मिळवणाऱ्या संघाला रोख बक्षीसही ठेवलं. प्रामाणिकपणा स्वभावात असावा लागतो असं आपण उगाचच समजत होतो; त्याला नीट दर ठरवून द्यायला हवा होता, एवढंच.

मोजमापाच्या बाबतीत महासंघ हलगर्जी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. रेघ भले वाऱ्यावर हलत असो, स्त्री खेळाडूंच्या बिकिनीची कमरेवरची पट्टी बाजूला सात सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावी, हे या महासंघाने वर्षानुवर्षं काटेकोरपणे ठरवून दिलं होतं. २०१२च्या मार्चमध्ये, लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर, शॉर्ट्स आणि बाह्यांचे टॉप चालतील अशी सूट मिळाली. तोपर्यंत मैदानावरची खरी सीमारेषा कुठे होती आणि कुणाची नजर तिच्यावर होती, हे वाचकांनी आपापल्या पट्टीने मोजावं.

त्याच लंडनमध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या मागे, हॉर्स गार्ड्स परेडच्या मैदानावर, ट्रकांनी वाळू आणून किनारा मांडला होता. पंतप्रधानांच्या परसात भांडण लावायला जागा उत्तम. पुरुषांच्या अंतिम सामन्यात जर्मनीचे युलिउस ब्रिंक आणि योनास रेकरमान तिसऱ्या सेटमध्ये १४–११ पुढे होते. तीन मॅचपॉइंट हातात. समोर ब्राझीलचे अलिसन आणि इमानुएल. इमानुएल म्हणजे २००४चा सुवर्णविजेता, वाळूत मुरलेला माणूस. बघता बघता १४–१४ झालं. अशा वेळी जर्मनांची सगळी तयारी झाली असणार: वारा, ऊन, पंच, रेघ, काय वाटेल ते. पण इमानुएलचा शेवटचा चेंडू बाहेर गेला, १६–१४ झालं आणि युरोपला या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. कारणांचा एवढा साठा वाया गेल्याचं जर्मनांना काही वाटलं नसावं. आम्हाला वाटलं.

पण त्याहून मोठा धक्का रिओने दिला. केरी वॉल्श जेनिंग्ज ही अमेरिकेची खेळाडू मिस्टी मे-ट्रेनॉरबरोबर २००४, २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन सुवर्णं घेऊन आलेली. ऑलिंपिकच्या वाळूत ती एकही सामना हरलेली नव्हती. २०१६मध्ये एप्रिल रॉस ही नवी जोडीदार, कोपाकबानाचा किनारा आणि उपांत्य फेरीत यजमान ब्राझीलच्या आगाथा–बार्बरा. सामना मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाला. कारणं तर ताटात वाढून ठेवली होती: अवेळ, समुद्राचा वारा, यजमानांचा गोंगाट. ब्राझीलच्या दोघींनी सर्व्हिस पुन्हा पुन्हा केरीवरच टाकली, तिचं रिसीव्ह कोसळलं आणि दोन सेटमध्ये खेळ खलास. आणि ही बाई नंतर काय म्हणाली, तर चूक माझी, माझंच रिसीव्ह चाललं नाही! पुढे कांस्यपदकाचा सामना एक सेट मागे पडूनही जिंकून दाखवला, ते ठीक आहे. पण तीन सुवर्णपदकं असलेल्या खेळाडूने असं बोलून नव्या पिढीपुढे काय आदर्श ठेवला? उद्या पालिकेतला एखादा कंत्राटदार म्हणू लागला की खड्डा मीच पाडला, तर कारभार चालायचा कसा?

पराभवाला गोंडस नाव देण्यात मात्र हा खेळ आपल्या राजकारणाच्या फार पुढे आहे. पॅरिसमध्ये २०२४ला २४ जोड्यांचे सहा गट होते. गटात तिसऱ्या आलेल्यांपैकी दोन जोड्या थेट पुढे गेल्या, उरलेल्या चार आपसात खेळल्या. या सामन्यांना अधिकृत नाव ‘लकी लूझर’. हरलात, पण नशीबवान हरलात. कॅनडाच्या मेलिसा उमाना-परेडेस आणि ब्रँडी विल्करसन या दारातून आत शिरल्या आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. उमेदवारी नाकारलेला माणूस मागच्या दाराने मंत्री होतो तेव्हा आपण त्याला नावं ठेवतो. या दोघींनी निदान मधले सगळे सामने खेळून जिंकले होते.

९ ऑगस्टच्या रात्री आयफेल टॉवरच्या पायथ्याशी ब्राझीलच्या आना पात्रिसिया आणि दुदा विरुद्ध या दोघी. पहिला सेट ब्राझीलचा २६–२४, दुसरा कॅनडाचा २१–१२. तिसऱ्यात आना पात्रिसिया आणि विल्करसन यांची जाळ्यापाशी जुंपली. बोटं उगारली गेली, पंच मध्ये पडले. कॅमेरे होते, चॅलेंज होतं, नियमावली होती. पण कोण कुणाला काय म्हणालं याचा खड्डा वाळूत उमटत नाही, त्यामुळे पंचनाम्याला जागाच नव्हती. तेव्हा मैदानावरच्या डीजेने जॉन लेननचं ‘इमॅजिन’ लावलं. प्रेक्षक गाऊ लागले, आणि भांडणाऱ्या दोघींना हसू फुटलं. महासंघाने इतकी वर्षं फिती, झेंड्या, कॅमेरे आणि पंचांच्या शिड्यांवर जो खर्च केला, त्यातला बराचसा एका गाण्यात वाचला असता. ब्राझीलने सेट १५–१० जिंकला आणि १९९६नंतर प्रथमच महिलांचं सुवर्ण घरी नेलं. डीजेला काय मिळालं, विचारू नका. शांतता प्रस्थापित करणाऱ्यांचं मानधन नेहमी नंतर बघू म्हणतात.

पण दर वेळी गाणं कुठून आणणार? आमची महासंघाला एक सूचना आहे, आणि ती आम्ही अमेरिकेतून उचलली आहे. तिथल्या कित्येक खुल्या स्पर्धांत जुनी रीत अशी, की हरलेल्या जोडीने घामही न पुसता पुढच्या सामन्याची पंचगिरी करायची. जो माणूस पाच मिनिटांपूर्वी एका लाइनवरून बाहेर पडला आहे, त्याच्याच हाती दुसऱ्याची लाइन. तो कुणाचीच बाजू घेत नाही, कारण त्या क्षणी त्याला सगळेच सारखे नकोसे असतात. इतका निःपक्षपाती पंच कोणताही कॅमेरा देऊ शकणार नाही. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याला ही रीत सुरू करायला काही अडचणही नाही. कांस्यपदकाचा सामना थोडा आधीच आटोपतो, तेव्हा चौथ्या क्रमांकाची जोडी त्या वेळेला अगदी मोकळी असते.