मिस सो-व्हॉट

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी हायस्कूलमध्ये अशा एक बाई असतातच. कधी कधी त्या बाईंच्या जागी एखादे बुवा असतात, पण लक्षणं तीच. गळ्यात स्कार्फ, हातात झाकणाचा मग, मगावर शेक्सपिअर आणि टेबलावर तपासायच्या निबंधांची चळत इतकी उंच, की मागून फक्त चष्मा दिसावा. अकरावीला त्या ‘ए. पी. इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’ हा कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकवतात. मुलं विषयाला नुसतं ‘लँग’ म्हणतात आणि बाईंना, अर्थातच पाठीमागे, ‘मिस सो-व्हॉट’. कारण मुलांनी निबंधात काहीही लिहिलं तरी समासात हिरव्या शाईत दोनच शब्द उमटतात. सो व्हॉट? बरं, मग? (शाई हिरवी, कारण लाल शाईनं मुलांची मनं दुखावतात म्हणे. हिरवीनं दुखावत नाहीत, असा तिकडे समज आहे.)

या वर्गात कथा-कवितांना फारसा थारा नाही. भाषणं, पत्रं, लेख आणि जाहिराती वाचायच्या. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या प्रसंगी आणि त्याला नेमकं काय साधायचंय, हे शोधायचं. मग ते त्यानं कसं साधलं, ते लिहायचं. आपल्याकडे सरपंचकीला उभा राहणारा माणूस हे सगळं उपजत जाणतो, पण त्याला त्याचे मार्क मिळत नाहीत.

बाईंचा खरा संताप एका वाक्यावर आहे : ‘लेखकाने डिक्शनचा वापर केला आहे.’ डिक्शन म्हणजे शब्दयोजना. बाई म्हणतात, लेखक शब्द नाही वापरणार तर काय वापरणार, ट्रॉम्बोन? कुठले शब्द, ते सांग. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी एक कब्रस्तान थाटलंय. काळ्या कागदाची थडगी आणि प्रत्येक थडग्याखाली एक मेलेलं वाक्य. ‘वाचकाचे लक्ष वेधून घेतो’, ‘डोळ्यासमोर चित्र उभे करतो’, ‘निबंधाला ओघ येतो’. सप्टेंबरात थडगी तीन-चार असतात, नाताळपर्यंत भिंत भरते.

सप्टेंबरातच ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. आईबापांनी मुलांच्याच वेळापत्रकानं वर्गावर्गांतून फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं बाकावर अंग आवळून बसायचं. इतर मास्तर-बाई त्या दहा मिनिटांत गृहपाठाचे नियम सांगतात. आमच्या मुलीच्या या बाईंनी दिवे घालवले आणि एक जाहिरात लावली. साऱ्या अमेरिकेला पाठ असलेली, प्राण्यांवरचे अत्याचार थांबवणाऱ्या संस्थेची : पिंजऱ्यातली ओल्या डोळ्यांची कुत्री आणि त्यावर सारा मॅक्लॉक्लनचं ‘एंजल’ हे गाणं. शेजारच्या बाकावरच्या एका धट्ट्याकट्ट्या बापानं नाक ओढलं. बाईंनी दिवे लावले आणि प्रसन्न चेहऱ्यानं विचारलं, “तुमचा हात खिशाकडे कितव्या सेकंदाला गेला?” मग फळ्यावर अॅरिस्टॉटल आला : इथॉस, पेथॉस, लॉगॉस. वक्त्याची पत, श्रोत्याचं काळीज आणि मुद्द्याचा हिशेब. त्या बापाचं फक्त काळीज कामाला लागलं होतं, हेही बाईंनी त्याला गोड शब्दांत सांगितलं. बेल झाली तेव्हा गृहपाठाचे नियम राहूनच गेले होते.

ही जमात शाळेबाहेरही स्वस्थ बसत नाही. हॉटेलात गेल्या की मेन्यूतली विशेषणं मोजतात. कंपनीचा मोठा साहेब टीव्हीवर ‘चुका झाल्या’ म्हणाला की ‘कुणाकडून?’ असं घरच्या सोफ्यावरून ओरडतात. निबंध तपासतात ते दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, नाहीतर स्वतःच्या पोराच्या फुटबॉल प्रॅक्टिसला गाडीत बसून. एका मुलानं गृहपाठ न आणल्याबद्दल आजीच्या आजारपणाचं साग्रसंगीत वर्णन केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पेथॉस उत्तम. एव्हिडन्स?”

त्यांचं खरं दर्शन घडतं ते मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र शिकवताना. एप्रिल १९६३. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढलं होतं : ही निदर्शनं अवेळी आहेत, जरा धीर धरा. त्याला किंगचं हे उत्तर. त्यात एक वाक्य तीनशेहून अधिक शब्दांचं आहे, नुसत्या अर्धविरामांवर पुढे पुढे जाणारं. बाई वर्गातल्या सगळ्यात धिटुकल्या पोराला उभं करतात आणि ते एका दमात वाचायला लावतात. आमची मुलगी सांगते, निम्म्यातच त्याचा दम संपला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा दम संपला. वर्ग आधी हसत होता, मग हसायचा थांबला. बाईंनी विचारलं, “पूर्णविराम कुठाय?” पोरगा म्हणाला, “येतच नाही.” “का येत नाही?” खूप वेळानं मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की, ज्यांनी ‘थांबा’ म्हटलं त्यांनाच त्यानं थांबवून ठेवलंय. बाई एकही शब्द बोलल्या नाहीत. सो व्हॉटसुद्धा नाही.

आता आमच्या घरचं. माझे वडील साताऱ्याकडचे, मराठीचे निवृत्त शिक्षक, सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत आलेले. हयात ‘खालील ओळीतील अलंकार ओळखा’ यात गेलेली. नातीला मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायला दिल्या होत्या. त्यात २०१९चा प्रश्न निघाला : गांधीजींनी १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाआधी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्र. आजोबांची कळी खुलली. पेन्सिल घेऊन त्यांनी भराभर खुणा केल्या. हा विरोध, ही पुनरुक्ती.

“हो आजोबा, पण ते कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? अलंकार आहे तो!”

“बाई यावर शून्य देतात.”

आजोबांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कुणी शून्य दिलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले. परीक्षेतल्या उताऱ्यावर न थांबता त्यांनी सबंध पत्रच बाहेर काढलं. सुरुवात ‘प्रिय मित्र’ अशी आणि आत त्याच मित्राचा पगार काढलेला : महिना २१ हजारांवर, म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक रुपये, आणि इथल्या माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहून कमी. पत्र पोचवायला पाठवला रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाचा तरुण इंग्रज. “इंग्रजच का?” नातीनं विचारलं. “भांडण इंग्रज माणसाशी नाही, राज्याशी आहे, हे पत्र उघडायच्या आधीच कळावं म्हणून,” आजोबा म्हणाले आणि स्वतःवरच इतके खूश झाले की जेवण गार झालं. आई मधूनमधून हाका मारत होती, इकडे लॉगॉस चालू होता. रात्री मी विचारलं, शाळेत हे असं का नाही शिकवलंत? ते उखडले. “एका मार्काचा प्रश्न होता तो! एका मार्कात आणखी काय काय करणार?”

मार्कांचं म्हणाल तर बाईही त्याच घाण्याला जुंपलेल्या आहेत. मे महिन्यात परीक्षा, सव्वातीन तास. तासाभरात ४५ पर्यायी प्रश्न, उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध. प्रत्येक निबंध सहा गुणांचा : एक सिद्धान्ताला, चार पुराव्याला आणि त्यावरच्या विवेचनाला, एक ‘सॉफिस्टिकेशन’ला. हा शेवटचा गुण बड्याबड्यांना मिळत नाही, म्हणून पोरं त्याच्यामागे हात धुवून लागतात आणि साध्या वाक्यात जड शब्द कोंबतात. बाई ते शब्द हिरव्या शाईनं उपटून काढतात. तरी दर वर्षी मार्च उजाडला की त्यांचाच वर्ग साच्यातून काढल्यासारखे निबंध पाडू लागतो, आणि साचा त्यांनीच दिलेला असतो. हे त्यांना ठाऊक असतं. विचारलं तर शेक्सपिअरच्या मगातून एक लांब घोट घेतात.

घरात मात्र अशा बाईंच्या विद्यार्थिनीबरोबर राहणं अवघड. ‘सगळ्यांची मुलं दहाला झोपतात’ म्हटलं की ‘सगळ्यांची म्हणजे कुणाची?’ असं येतं. ‘आमच्या वेळी’नं सुरुवात केली की ती ‘इथॉस’ म्हणते आणि खोलीत निघून जाते. तरीही माझं मत विचाराल तर शाळेतल्या सगळ्या शिक्षकांत पगार वाढवायचा झाला तर आधी यांचा वाढवावा.

तुमचं मूल यंदा या वर्गात असेल तर एवढंच सांगतो : रजेच्या चिठ्ठीत ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहू नका. कारण काय ते सरळ लिहा. नाहीतर चिठ्ठी परत येते, हिरव्या शाईसकट.