दार धरा कुणीतरी

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर सात फुटी लाकडी कपाट, तीन खाने, दार एकालाही नाही. तिन्ही दारं भिंतीला टेकवलेली. खणांत चादरी-टॉवेलांच्या चळती. पन्नाशी ओलांडलेली बाई, पदर खोचलेला, कानावर पेन्सिल.)

या, बसा. पंखा लावलाय, पण मे महिन्यात सोलापूरचा पंखा म्हणजे या भिंतीकडची गरम हवा त्या भिंतीकडं पोचवणार, एवढंच. ४२ डिग्री. सकाळी.

हे आमचं कपाट. सांगाडा झाला, खण झाले, दारं कापून सनमायका मारून तयार. आणि मिस्त्री म्हणाला, "काकू, भाचीचं लग्न आहे, गावाकडं जाऊन येतो." आमचा फ्लॅट नवीन होता तेव्हापासून ही भाची लग्नाचीच आहे.

तोवर कपाट उघडं. पाहुणा आला की आमचे हे उठून कपाटापुढं उभे राहतात, हात पसरून. "या या, बसा की!" पाहुण्याला वाटतं, काय प्रेम! पण खाने तीन आणि नवरा एक. तिसऱ्या खान्यापर्यंत पुरत नाही माणूस.

आणि झाकायचं काय, तर चादरी! लग्न, बारसं, वास्तुशांत, कुणी रिटायर झालं... अहेरात टॉवेल-टोपी, नाहीतर चादर. बाहेरगावचे लोक म्हणतात, "सोलापूरची चादर, जॅकार्डची, भौगोलिक मानांकनवाली, आणाल का एखादी?" एखादी? टेम्पो पाठवा!

तर मी म्हटलं, दारं मी बसवते. मी सुताराची लेक. हे बँकेतून निवृत्त. हे म्हणाले, "बायकांचं काम नाही ते," आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून बसले. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या भिंती सरळ होत्या हो! त्याला काय कळणार आमचं दुःख?

बिजागऱ्या आणायला हे गेले. एवढं उंच दार, लॅमिनेटसकट पंधरा किलोच्या आसपास. दोन बिजागऱ्यांवर लटकवलं तर वर्षभरात मान टाकतं. चार पाहिजेत. तीन दारं, बारा बिजागऱ्या. आकडा बरोबर, बँकेतला माणूस! पण दुकानदारानं विचारलं, "झिरो, आठ, की सोळा?" आणि हे म्हणाले...

(नवऱ्याच्या ऐटीत) "सोळाच द्या. चांगल्यातलं द्या."

(कपाळावर हात) अहो, तो मार्क नाही, बिजागरीचा बाक आहे! कडेच्या फळीवर दार पूर्ण चढवायचं तर झिरो. मधल्या एकाच फळीवर दोन दारं शेजारी येतात, प्रत्येकाला अर्धीच जागा, तिथं आठ. आणि दार चौकटीच्या आत बसवायचं असलं तरच सोळा. ह्यांनी आणलेल्या सोळा लावल्या असत्या तर माझी दारं आत गेली नसती आणि बाहेर राहिली नसती. परत गेले बदलून आणायला. येताना पाव किलो शेंगा चटणी घेऊन आले, म्हणजे मी बोलायची नाही. चटणी खाल्ली. बोललेही.

(पिशवीतून ओळंबा काढून कपाटाशेजारी सोडते. तो डोलत थांबेपर्यंत थांबते.)

हा आमच्या आप्पांचा ओळंबा. माहेरहून एवढाच आणला. दार बसवायच्या आधी कपाट उभं आहे का ते बघायचं. आमची फरशी बाथरूमकडं उतरती, सगळं कपाट तिकडंच झुकलेलं. अशा कपाटाला सोन्याची बिजागरी लावा, दार रात्री आपोआप उघडणार, आणि सासूबाई म्हणणार, घरात काहीतरी आहे! मी खाली पाचर मारली. मग टेपनं कर्ण मोजले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि दुसरा. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात. आमच्यात दोन सूत फरक. पाव इंच! हे म्हणाले, "पाव इंचानं काय होतंय?" बँकेत पाव रुपया कमी आला की रात्री आठपर्यंत घरी यायचा नाही हा माणूस!

मग भोकं. बिजागरीच्या वाटीला ३५ एमएमचं भोक, कडेपासून चार-पाच एमएम सोडून. प्लाय १९ एमएमचा, वाटी जाते बारा-तेराच्या आसपास. खाली उरतं बोटाच्या पेरापेक्षा कमी. ड्रिल लावलं की आधी सनमायक्याची पांढरी पूड येते, मग लाल भुसा, मग गरम लाकडाचा वास. वास आला की हात हलका करायचा. नाहीतर पलीकडं सनमायक्याला टेंगूळ, जन्मभर दिसणार. मी श्वास धरून होते. आणि मागून आवाज, "अगं, व्हिडिओत तो उलटं करतोय."

(ड्रिल बंद करते. वळून एक दीर्घ कटाक्ष टाकते. पुन्हा चालू.)

ड्रिलच्या आवाजानं माणसं जमली. सोलापुरात काही उभं राहत असलं किंवा आडवं होत असलं, की माणसं जमतात. जानेवारीत नंदीध्वज उभे राहतात, गर्दी. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांसाठी आडवी केली, गर्दी. आज माझं दार. वरच्या मजल्याचे दोघं, वॉचमन, पोरं, आणि शेजारचे अण्णा.

अण्णा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलतात. पांढरी बाराबंदी घालून, एवढी उंच काठी एकटा माणूस! आले, दाराकडं बघून हसले. "वैनी, हे काय ओझं हाय व्हय? बाजूला व्हा."

उचललं की! सरळसोट, जरा म्हणून हललं नाही. मी म्हटलं, अण्णा, आता असंच धरा. पण नंदीध्वजाला सवय असती मिरवणुकीची. अण्णा दार घेऊन चालायला लागले! बेडरूममधनं हॉल, हॉलमधनं गॅलरी. मागनं पोरं, "हर्र बोला हर्र!" ह्यांनी तर हात जोडले. मी ड्रिल घेऊन मागं, "अण्णा, कपाट इकडं आहे ओ!"

वळवून आणलं. चौघांनी चार बाजूंनी धरलं. वरची बिजागरी फळीला टेकली, मी स्क्रू दातात धरला, स्क्रूड्रायव्हर लावला... आणि खालून कुणीतरी ओरडलं.

(हळू) "नळ आलाऽऽय!"

बाहेरच्यांना कळायचं नाही हे. उजनी धरण भरलं की पेपरात फोटो येतो, पण आमच्या नळाला पाणी येतं चार-चार दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीनं. भूकंप झाला तर माणूस आधी चप्पल शोधंल. नळ आला तर नाही शोधत. चौघंही गेले. वॉचमन गेला. हे बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं.

(दार दोन्ही हातांनी, खांद्यानं, डोक्यानं तोलून धरते. दातात स्क्रू, म्हणून शब्द दाबलेले.)

आणि मी. आणि पंधरा किलो.

(पायानं खालच्या खणातली चादर ओढते. एक. दाराखाली सरकवते. दुसरी. तिसरी.)

दार जमिनीपासून चार इंच वर पाहिजे. हं. चादर दाबली की बसते खाली... अजून एक... मोराची नको, ती नणंदेची आहे. नाही, तीच पाहिजे. (सरकवते) टॉवेल. टॉवेलनं एक सूत वर आलं. आता थोडंच, अगदी थोडं... (कमरेचा नॅपकिन काढून पायानं सरकवते. हात हळूच सोडते. दार उभं राहतं.)

(स्क्रू दातातून काढून) अहेर कामाला आला!

(वरच्या बिजागरीला दोन स्क्रू मारते. दुसऱ्या दाराच्या बिजागरीवर बोट ठेवून प्रेक्षकांना दाखवते.) हे स्क्रू बघा. हा फिरवला की दार डावी-उजवीकडं, हा आत-बाहेर, आणि प्लेटचे हे ढिले केले की वर-खाली. दोन दारांत साधारण एका सुताची फट सोडायची, वरपासून खालपर्यंत सारखी. जास्त घट्ट बसवलं की पावसाळ्यात दार ओढताना मूठ हातात येते.

(आतून पाण्याचा, बादल्यांचा आवाज. मग नवऱ्याचा.) "अगं, सगळा भिजलो! टॉवेल कुठाय?"

(ती दाराखालच्या थराकडं बघते. ओल्या पावलांचा आवाज जवळ येतो.)

कपाटात बघा... नको, बघू नका! खाली वाकू नका! अहो, तो टॉवेल नाही, ते दार आहे!

(दाराला पाठ लावून, हात पसरून उभी राहते.)

अजून तीन बिजागऱ्या राहिल्यात! बेडशीटला पुसा!

(अंधार.)